मुद्दल राखलेले वन

जून महिन्यात साप्पोरो शहरात सूर्य पहाटे चारच्या आधीच उगवतो आणि सायंकाळी सव्वासातच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचा नियम पाळणाऱ्या आमच्यासारख्यांना एवढा मोठा दिवस म्हणजे पर्वणीच. अडचण होती ती दुसरीच. जपानच्या उत्तरेचे हे होक्काइदो बेट बटाटे आणि कांदे पिकवण्यात त्या देशात पहिले. जे जिन्नस आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाहीत, नेमका त्यांचाच तेथे अभिमान! शिवाय निर्दोष दिसणाऱ्या रश्श्यातही माशांचा अर्क असतो. त्यामुळे सौभाग्यवतींनी घरून बांधून नेलेल्या दशम्या, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी यांवर, तसेच कन्येच्या कुकरमधील मुगाच्या खिचडीवर आमचे पंधरा दिवस उत्तम निभावले.

आमची कन्या तेथील होक्काइदो विद्यापीठात संशोधनासाठी राहते. तिला भेटावे, चार दिवस विश्रांती घ्यावी, एवढाच प्रवासाचा हेतू होता. परंतु मनातून एक ओझे उतरत नव्हते. गावाकडील आमची वडिलोपार्जित चार एकर जमीन रस्त्यालगत आली आहे. तिच्या एका कोपऱ्यात आजोबांनी राखलेली राई आहे : अकरा आंबे, दोन जांभळी, एक जुना वावळ, बांधाला करंज आणि मध्ये दगडी विहीर. सर्व जमिनीचे प्लॉट पाडून विकावेत असा विचार पुढे आला होता. धाकट्या बंधूंना पैशांची खरोखरच निकड होती. मुलाच्या दुकानाचे कर्ज थकले होते आणि व्याज वाढत होते. दलालाने कागद तयार ठेवले होते. माझी सही तेवढी राहिली होती. निघताना मी बंधूंना म्हणालो, "परत आलो की करू." ते काही बोलले नाहीत. व्यापारी घरात असे गप्प राहणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगावयास नको.

असे मन घेऊन मी एके सकाळी कन्येसोबत विद्यापीठाचे वनस्पती उद्यान पाहावयास गेलो.

शहराच्या मध्यावर तेहतीस एकर

साप्पोरोच्या मुख्य रेल्वे स्थानकातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याने चालू लागले की दहा-पंधरा मिनिटांत हे उद्यान येते. दोन्ही बाजूंना बँका, कचेऱ्या, हॉटेले. शहराची वस्ती वीस लाखांच्या आसपास आहे आणि हा भाग म्हणजे त्याचे हृदय. रस्ते काटकोनात आखलेले, इमारती उंच. आणि एकाएकी कुंपणापलीकडे झाडांची दाट हिरवी भिंत दिसू लागते. उद्यानाचे क्षेत्र १३.३ हेक्टर, म्हणजे आपल्या मापाने सुमारे ३३ एकर. आत सुमारे चार हजार जातींच्या वनस्पती आहेत.

जन्माने व्यापारी असल्याने माझे पहिले लक्ष झाडांकडे गेलेच नाही. एवढ्या मोक्याच्या जागेला आज काय भाव असेल, याचा हिशेब मी फाटकातच मांडू लागलो. कन्येने तो ओळखला. ती म्हणाली, "अण्णा, हा हिशेब इथे गेली एकशे पस्तीस-चाळीस वर्षे कोणी ना कोणी मांडलाच असेल. तरी जागा आहे."

तिच्या त्या "तरी"मध्ये या उद्यानाचा सारा इतिहास आला.

इ. स. १८६९ मध्ये जपानच्या नव्या शासनाने या बेटाला होक्काइदो हे नाव दिले आणि ते वसवण्यासाठी स्वतंत्र खाते निर्माण केले. साप्पोरो हे नगर त्याच सुमारास आखले गेले. १८७६ मध्ये तेथे शेतकी महाविद्यालय निघाले. त्याची घडी बसवण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील शेतकी महाविद्यालयाचे प्रमुख विल्यम क्लार्क यांना पाचारण करण्यात आले. ते एक वर्षही राहिले नाहीत, परंतु वनस्पतिशास्त्र शिकवायचे तर वनस्पती उद्यान हवे, हा विचार त्यांनी मागे ठेवला. त्याच महाविद्यालयाच्या दुसऱ्या तुकडीतून मियाबे किंगो नावाचा विद्यार्थी बाहेर पडला. पुढे तोच तेथे अध्यापक झाला. उद्यानाची आखणी त्याने केली आणि १८८६ मध्ये उद्यान सुरू झाल्यावर पहिला संचालकही तोच झाला. ते महाविद्यालय म्हणजेच आजचे होक्काइदो विद्यापीठ.

मियाबे यांची विद्वत्ता मोठी होती. होक्काइदोच्या ईशान्येस असलेल्या कुरील बेटांच्या रांगेत एका ठिकाणी वनस्पतींचा मेळ बदलतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्या सीमेला आज 'मियाबे रेषा' म्हणतात. अपोई नावाच्या डोंगरावरच आढळणाऱ्या एका नाजूक पांढऱ्या फुलाच्या शास्त्रीय नावातही त्यांचे नाव गुंफलेले आहे. पण माझ्या दृष्टीने त्यांचे मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. उद्यान आखायचे म्हणजे जमीन साफ करून वाफे पाडायचे, असे आपण समजतो. येथे तसे झाले नाही. साप्पोरो शहर वसण्यापूर्वी त्या भूमीवर जे वन होते, त्याचा एक भाग मूळ चढउतारांसह उद्यानाच्या आत तसाच राहू दिला गेला. भोवती शहर वाढत गेले आणि वन आपल्या जागी उभे राहिले.

न लावलेले वन

फाटकातून आत गेल्यावर हिरवळ लागते, काचेची उष्णगृहे दिसतात, डोंगरमाथ्यावरील वनस्पतींसाठी रचलेली खडकांची बाग लागते. ती सर्व माणसाची करामत. तेथून पुढे गेले की वाट अरुंद होते, रहदारीचा आवाज मंदावतो आणि डोक्यावर पानांचे छत मिटते. हे ते नैसर्गिक वन.

सर्वांत भारदस्त वृक्ष एल्मचे. जपानी लोक त्याला हारुनिरे म्हणतात. दोघांच्या कवेत न मावणारी खोडे, त्यांवर उभ्या खोल भेगा, वर फांद्यांचा विस्तार. पानाला हात लावला तर कडा करवती, आणि देठाशी पानाची एक बाजू दुसरीहून किंचित तोकडी. कन्येने सांगितले की आपल्याकडचा वावळ याच कुळातला. मी थबकलो. राईतल्या वावळाची चपटी, पातळ, पंख असलेली फळे उन्हाळ्यात वाऱ्यावर उडत. लहानपणी आम्ही ती सोलून आतले बी खात असू. हजारो मैलांवर, परक्या भूमीत, त्या झाडाचा भाऊबंद भेटला. परगावच्या बाजारात आपल्या आडनावाचा माणूस भेटावा, तसा आनंद झाला.

एल्मच्या जोडीला ओक, मेपल, ओलसर भागात अ‍ॅश आणि आल्डर. एकही झाड रांगेत नाही. कोणी वाकलेले, कोणी पोकळ, कोणी दुसऱ्याच्या सावलीत तोकडे राहिलेले. काही पडलेली खोडे जागच्या जागीच राहू दिलेली दिसली. त्यांवर शेवाळ चढले होते आणि भेगांतून कोवळे कोंब डोकावत होते. आपल्या बागेत असे खोड दिसले तर आपण माळ्याला रागावू. येथे मात्र कुजणे हेही वनाचे एक काम मानलेले आहे. खोड मातीला मिळते, माती कोंबाला मिळते. खतावणीतील नावे-जमा यापेक्षा निराळी काय असते?

जमिनीलगतचे जग तर अधिकच विलक्षण. होक्काइदोत वर्षातील चार-पाच महिने बर्फ असते. बर्फ वितळले आणि मोठ्या वृक्षांना अजून पालवी फुटलेली नाही, अशा थोड्या आठवड्यांत ऊन थेट जमिनीवर पोहोचते. त्या अवधीत तळातील लहान वनस्पती घाईने पाने काढतात, फुलतात आणि पुढच्या वर्षासाठी शिधा जमिनीखाली साठवतात. मग वर छत मिटते आणि त्यांची पेढी बंद होते. आम्ही जूनमध्ये गेलो, त्यामुळे तो बहर ओसरला होता. तरी तीन पानांचे, मध्ये फळ धरलेले एक झुडूप कन्येने दाखवले. ट्रिलियम त्याचे नाव. त्याचे पांढरे, तीन पाकळ्यांचे फूल होक्काइदो विद्यापीठाच्या बोधचिन्हात आहे. या रोपाला बीपासून पहिले फूल येण्यास दहा वर्षांहूनही अधिक काळ लागतो. कित्येक वर्षे ते केवळ एक पान घेऊन उभे असते. त्याचे बी मुंग्या वाहून नेतात, कारण बीला मुंग्यांना आवडणारा एक मऊ खाऊ चिकटलेला असतो. त्या मजुरीवर बीचा प्रवास होतो.

दहा वर्षे एका फुलासाठी! वाटेवरून एक पाऊल बाहेर टाकले तर एखाद्याची दहा वर्षे आपल्या टाचेखाली जातील. जपून पाऊल टाकण्याची शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून मिळते. त्या वाटेवर तिचा अर्थ मला नव्याने कळला.

सालीचे वस्त्र आणि जमिनीतला कंद

उद्यानात एक विभाग उत्तरेकडील मूळ रहिवाशांच्या वनस्पतींचा आहे. होक्काइदो हे नाव पडण्याच्या कितीतरी आधीपासून या बेटावर आइनू लोक राहत आले. 'साप्पोरो' हे नावही त्यांच्याच भाषेतून आलेले. अन्न, औषध, वस्त्र, दोरखंड, घर यांसाठी त्यांनी ज्या वनस्पती वापरल्या, त्या येथे लावून जोपासल्या आहेत.

त्यांतील ओह्यो हा एल्मचाच एक प्रकार. त्याच्या आतील सालीपासून आइनू स्त्रिया 'आत्तुश' नावाचे वस्त्र विणत. झाडात रस चढतो त्या दिवसांत साल काढायची, पाण्यात भिजत घालायची, तिचे पातळ पदर सोडवायचे, त्यांचे धागे वळायचे आणि कमरेला ताण देऊन मागावर विणायचे. हे काम महिनोन्‌महिने चाले. परंतु मला खिळवून ठेवले ते पहिल्या पायरीने. साल खोडाच्या सर्व बाजूंनी काढायची नाही, एका बाजूचा पट्टाच घ्यायचा. सभोवार साल काढली तर झाड वाळते. एक पट्टा घेतला तर झाड जगते. त्याआधी झाडाची प्रार्थना करायची. म्हणजे मागणी होती, पण मर्यादेसह.

शेजारीच मोठ्या, हृदयाकार, चकचकीत पानांचे रोप होते. ओउबायुरी त्याचे जपानी नाव, आइनू भाषेत तुरेप. लिलीच्या कुळातले. अनेक वर्षे ते केवळ पाने वाढवते आणि जमिनीखालच्या कंदात सत्त्व साठवते. मग एका उन्हाळ्यात माणसाच्या उंचीचा दांडा काढून हिरवट-पांढरी फुले देते आणि त्याच वर्षी संपते. गेल्या वर्षीचा एक वाळका दांडा अजून उभा होता. त्याच्या बोंडांत पातळ पापुद्र्यांची शेकडो बिये असतात. आइनू लोकांचे हे एक मुख्य अन्न. न फुललेल्या रोपाचे कंद खणून, कुटून, पाण्यात सत्त्व निवळवून ते वेगळे काढीत आणि उरलेल्या चोथ्याच्या चकत्या मधोमध भोक पाडून, वाळवून टांगून ठेवीत. हिवाळ्याची ती बेगमी.

आम्ही कंद न खाणाऱ्यांतले. सौभाग्यवतींनी तो फलक कन्येकडून वाचून घेतला आणि थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सहा महिने बर्फ असलेल्या ठिकाणी त्यांनी दुसरे काय करायचे?" त्या वाक्यात दोषारोप नव्हता, आणि आपला नियम सोडण्याची पळवाटही नव्हती. फळ घेतले तर झाड उरते. कंद घेतला तर रोपच जाते. एवढी गोष्ट तेथे जमिनीवर स्पष्ट दिसत होती. आणि ज्यांना कंद घेणे भाग होते, त्यांनीही झाडाची साल घेताना हात आखडता ठेवला होता, हेही दिसत होते.

आमच्या गावच्या मंदिराच्या भिंतीवर षट्लेश्येचे चित्र आहे. वाचकांपैकी बहुतेकांनी ते कोठे ना कोठे पाहिलेले असेलच. जांभळाचे झाड आणि सहा भुकेले वाटसरू. एक मुळावर कुऱ्हाड घालू पाहतो, दुसरा मोठ्या फांद्यांवर, तिसरा डहाळ्यांवर, चौथा घोसांवर, पाचवा केवळ पिकली फळे तोडतो आणि सहावा खाली पडलेली वेचतो. भूक सर्वांची सारखीच. लहानपणी आम्ही त्या चित्रात कुऱ्हाडवाल्याचा काळा रंग पाहून हसत असू. तो आपल्याहून कोणी वेगळा आहे, अशी खात्री होती. ओह्योच्या त्या खोडाजवळ उभे असताना मला दलालाने तयार ठेवलेले कागद आठवले आणि हसू आले नाही.

काचेआड लांडगा

उद्यानात एक जुने लाकडी संग्रहालय आहे. त्याची इमारत १८८२ सालची. संग्रहालय म्हणून बांधलेली आणि आजही त्याच कामी असलेली ही जपानमधील सर्वांत जुनी वास्तू मानली जाते. आत पेंढा भरलेले प्राणी-पक्षी आहेत. अशा वस्तू पाहण्यास आम्ही सहसा जात नाही, परंतु कन्येच्या आग्रहाने गेलो.

तेथे एझो लांडगा आहे. होक्काइदोतील ही लांडग्याची जात आता पृथ्वीवर कोठेही नाही. नव्या वसाहतीत घोड्यांची पैदास सुरू झाली. अन्नासाठी ज्यांच्यावर लांडगे अवलंबून होते, त्या हरणांची संख्या शिकारीने आणि कडक हिवाळ्याने घटली. लांडगे घोड्यांवर पडू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी विष पेरण्यात आले आणि मारणाऱ्यांना बक्षिसे देण्यात आली. एकोणिसावे शतक संपता संपता लांडगे संपले. उद्यान सुरू झाले तेही त्याच सुमारास. एका बाजूला एक पिढी वनाचा तुकडा राखत होती आणि त्याच वेळी त्याच वनाचा एक रहिवासी कायमचा पुसला जात होता. आइनू लोकांचेही तसेच झाले. त्यांच्या भूमी शासनाच्या झाल्या, नद्यांतील मासेमारीवर आणि रानातील शिकारीवर बंधने आली. जपानच्या कायद्यात त्यांना त्या भूमीचे मूळ रहिवासी म्हणून स्पष्ट मान्यता मिळण्यास २०१९ साल उजाडावे लागले. राखणे आणि गमावणे एकाच काळात, कधी एकाच हातून घडते, हे तेथे विसरता येत नाही.

याच संग्रहातील पक्ष्यांच्या कपाटांनी मला सुखद धक्का दिला. त्यांतील मोठा वाटा टॉमस ब्लॅकिस्टन या इंग्रजाने जमवलेला. हा गृहस्थ शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, तर लाकडाच्या व्यापारासाठी १८६० च्या दशकात होक्काइदोच्या हाकोदाते बंदरात आला आणि वीसेक वर्षे राहिला. धंदा करताकरता त्याने पाहिले की समुद्राच्या अरुंद पट्ट्याच्या दोन्ही तीरांवर पशुपक्षी निराळे आहेत. दक्षिणेकडे माकडे आहेत, उत्तरेकडे नाहीत. उत्तरेकडील अस्वल वेगळ्या जातीचे आहे. १८८३ मध्ये त्याने हा विचार मांडला आणि ती सीमा आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. बंदरातून तर कितीतरी व्यापारी गेले असतील. मालाच्या पलीकडे नजर टाकणारा एखादाच. आपण वर्षानुवर्षे हळद, गूळ, सुपारी, हिरडा यांची पोती मोजतो, पण हिरड्याचे झाड दाखवा म्हटले तर आपल्यापैकी कितीजण दाखवू शकतील, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला.

राखलेलेही झिजते

हे वन भोवतालच्या जगापासून सुटलेले आहे असे मात्र नाही. कुंपणाने जमीन वाचते, तिच्याखालचे पाणी वाचतेच असे नाही. साप्पोरोच्या या भागात पूर्वी जमिनीतून झरे उसळत. आइनू भाषेत त्यांना 'मेम' म्हणत. शहर वाढले, इमारती उठल्या, भूजल खाली गेले आणि झरे आटले. उद्यानातील सखल भाग त्या जुन्या पाण्याची खूण सांगतात. पुढे २००४ च्या सप्टेंबरात मोठे वादळ आले. विद्यापीठाच्या आवारातील प्रसिद्ध पॉप्लरच्या रांगेतील अनेक झाडे कोसळली, आणि या उद्यानातीलही पुष्कळ जुने वृक्ष उन्मळले. शंभर-दीडशे वर्षांचे लाकूड एका दिवसात आडवे झाले.

तरीही वन उरले. कारण खाली रोपे होती, बी होते, माती होती. लावलेल्या बागेतील झाड पडले की जागा रिकामी होते. वनातील झाड पडले की जागा मोकळी होते, आणि तेथे ऊन पोहोचते. हा भेद मला आपल्या भाषेत असा समजला : बाग हे उत्पन्न आहे, वन हे मुद्दल आहे. उत्पन्न एखाद्या वर्षी बुडाले तरी मुद्दल ते भरून काढते. मुद्दलाला हात घातला की पेढी कितीही जुनी असो, तिचे दिवस मोजलेले असतात. आपले वाडवडील हे नाण्यांच्या बाबतीत कधी विसरले नाहीत.

उद्यान एप्रिलअखेरपासून नोव्हेंबरच्या प्रारंभापर्यंत खुले असते. एरवी बर्फामुळे केवळ उष्णगृह पाहता येते. सोमवारी सुट्टी असते. दुपारी लवकरच दरवाजे बंद होतात, तेव्हा सकाळीच जावे. सोबत आपला डबा न्यावा, म्हणजे भोजनाची चिंता राहत नाही. आम्ही हिरवळीच्या कडेला बसून दशम्या सोडल्या. एक खार अगदी जवळ आली, कानांवर केसांचे झुबके असलेली. सौभाग्यवतींनी तिला काही देऊ केले नाही. रानातल्या जिवाला आपल्या अन्नाची सवय लावू नये, असे कन्येने आधीच सांगून ठेवले होते. दया करण्याची एक रीत अशीही असते, हे मान्य करणे सौभाग्यवतींना थोडे जड गेले.

परत आल्यावर

त्याच संध्याकाळी मी बंधूंना दूरध्वनी केला. राई विकू नये, असे म्हणालो. पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही. मग ते म्हणाले, "दादा, तुम्हाला तिकडे झाडे दिसतात. मला इकडे हप्ते दिसतात." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सहाव्या वाटसरूचा संयम सांगणे सोपे असते. ज्याच्या पोटात भूक आहे त्याला तो सांगताना आधी आपली शिदोरी सोडावी लागते.

गावी परतल्यावर आम्ही तिघे भाऊ राईत, विहिरीच्या काठावर बसलो. तीन एकरांहून थोडे अधिक विकायचे ठरले. राईचा कोपरा आणि विहीर मिळून सुमारे तीस गुंठे राखायचे ठरले. त्या तीस गुंठ्यांमुळे धाकट्या बंधूंच्या वाट्यात जी तूट येत होती, ती मी माझ्या वाट्यातून भरून दिली. मधल्या बंधूंनीही थोडा भार उचलला. त्यासाठी निवृत्तीनंतर पुण्यात घ्यावयाचे ठरवलेले घर आम्ही रहित केले. सौभाग्यवतींनी एका शब्दाने विरोध केला नाही. एवढेच म्हणाल्या, "मग जांभळे खायला इथेच राहू."

सारे मनासारखे झाले असे नाही. आम्ही परदेशात असताना मोजणीची वाट काढण्यासाठी दलालाच्या माणसांनी कडेचे दोन आंबे तोडले होते. त्यांतला एक आजोबांच्या हातचा. त्याच्या बुंध्यावर बसूनच आम्ही बोललो. धाकटे बंधू मधूनच त्या बुंध्यावरून हात फिरवीत होते, पण त्याविषयी कोणीच काही बोलले नाही.

यंदा पावसाळ्यापूर्वी राईत एक गोष्ट आम्ही केली, किंवा खरे तर करायची सोडली. दरवर्षी पालापाचोळा झाडून जाळला जात असे. यंदा तो तसाच राहू दिला. पहिल्या दोन पावसांनंतर वावळाखाली पाहिले, तर पाचोळ्यातून बोटभर उंचीची रोपे वर आली होती. मोजावयास बसलो आणि चाळीसच्या पुढे सोडून दिले. त्यांतील बहुतेक जगणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. धाकटे बंधू संध्याकाळी दुकान बंद करून तेथे येतात आणि गुरे आत शिरू नयेत म्हणून फाटकाला कडी घालून जातात. त्यांना ते काम कोणी सांगितलेले नाही.